सुईदोऱ्याची साक्ष

वाचन : प्रेषितांची कृत्ये ९:३६-४२



यापो येथे टबीथा मरण पावली तेव्हा पेत्राला माडीवर नेण्यात आले. तेथे विधवा रडत उभ्या होत्या आणि तिने शिवलेले अंगरखे व वस्त्रे त्याला दाखवीत होत्या. टबीथाच्या तोंडचा एक शब्दही लूकाने नोंदलेला नाही. तिच्यासाठी तिचे शिवणकाम बोलले. अशीच साक्ष मागे ठेवून गेलेल्या एका कृष्णवर्णीय भगिनीकडे आज आपण पाहू.

हॅरिएट पॉवर्स हिचा जन्म १८३७ साली अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात, अथेन्स गावाजवळ, गुलामगिरीत झाला. गुलामाचे हात त्याचे स्वतःचे नसत. हातचे काम मालकाचे, आणि पोटचे लेकरूही मालकाचेच. १८६५ साली ती गुलामगिरी कायद्याने संपली. पुढे त्याच हातांनी हॅरिएटने एक गोधडी शिवली. कापडातून माणसे, पशुपक्षी, तारे कातरून तिने ते अकरा चौकटींत टाचले : एदेन बागेतील आदाम व हव्वा, हाबेलाचा वध, याकोबाची शिडी, प्रभूचा बाप्तिस्मा, वधस्तंभ, चांदीच्या तीस नाण्यांसह यहूदा. कोणाच्या हुकमावाचून, आपल्या मनाने केलेले काम ते!

१८८६ साली अथेन्सच्या कापूस-प्रदर्शनात ही गोधडी जेनी स्मिथ या गोऱ्या चित्रकला-शिक्षिकेने पाहिली व विकत मागितली. हॅरिएटने साफ नकार दिला. पण पुढे दिवस फार ओढगस्तीचे आले. १८९१ साली नवऱ्याच्या सल्ल्यावरून ती बैलगाडीत गोधडी घेऊन आली. पिठाच्या पोत्यात गुंडाळून, त्यावर आणखी एक जाडेभरडे पोते घालून तिने ती जपून आणली होती. दहा डॉलर मागितले, पाच मिळाले. देण्याआधी एकेका चौकटीचा अर्थ तिने सांगितला व जेनीबाईंनी तो लिहून घेतला, म्हणून आज तो आपल्याला कळतो. शिवणाच्या कापडाचे तुकडे तुझ्यासाठी राखून ठेवीन, असे बाईंनी सांगितले तेव्हा तिचे थोडे समाधान झाले. नंतर कितीदा तरी ती आपली गोधडी नुसती पाहायला येत असे. आज ती वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेत आहे. पण त्या पाच डॉलरांचा सल आमच्या मनातून जात नाही.

यानंतर हॅरिएटने पंधरा चौकटींची दुसरी गोधडी केली. ती बोस्टनच्या ललितकला संग्रहालयात आहे. तिच्या पहिल्याच चौकटीत इयोब आपल्या वैऱ्यांसाठी प्रार्थना करीत आहे. ज्या बाईचे बालपण व तारुण्य दास्यात गेले तिने आरंभी हे चित्र का घ्यावे? क्षमा करा, असे बसल्या जागेवरून सांगणे आम्हां उपदेशकांना सोपे असते. ही क्षमा टाक्याटाक्याने घातलेली आहे, आणि टाका घालताना सुई बोटाला टोचतेच.

दुसऱ्या एका चौकटीत मोशे अरण्यात साप उंच करीत आहे. गणना २१ मध्ये सर्पदंश झालेल्या लोकांविषयी सांगितले आहे. हॅरिएटने तेथे बाया दाखविल्या. त्या आपल्या लेकरांना बरे व्हावे म्हणून सापाकडे पाहायला आणीत आहेत. शास्त्रात त्या बायांचा स्वतंत्र उल्लेख नाही. पण आई असलेल्या हॅरिएटला त्या दिसल्या. जिथे बरे होण्याची आशा आहे तिथे आई लेकराला उचलून नेणारच, हे तिला कोणी शिकवावे लागले नाही.

आपल्याजवळही अशा गोधड्या आहेत. गुलाम म्हणून आफ्रिकेतून आणलेल्यांचे वंशज, सिद्दी लोक, उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ-यल्लापूरकडे राहतात. त्यांच्या बाया जुन्या कपड्यांच्या तुकड्यांची 'कवंद' शिवतात, कडेपासून मध्याकडे. ख्रिस्ती घरांतील काही कवंदांवर क्रूसही असतो.

संडे स्कूलच्या शिक्षकांनी गणना २१ व योहान ३:१४ हे पाठ घेताना मुलांपुढे चिंध्या, कात्री व सुईदोरा ठेवून पाहावा. सापाच्या खांबाजवळ आपल्या घरातील कोणाला उभे करायचे, हे मुलांनाच ठरवू द्यावे.