अरुंद पाण्यातली वाट

स्वस्थ बसा. श्वास आपोआप येऊ-जाऊ द्या. आता मनात ॲम्स्टरडॅमचा एक कालवा आणा, सतराव्या शतकात खणलेला. दोन्ही काठांवर उंच, चिंचोळी घरं, काठाला लागून बांधलेल्या राहत्या होड्या आणि मधे उरलेलं थोडंसं पाणी. समोर विटांचा कमानी पूल.

या पाण्यावर एक होडी ठेवा, चार मीटर लांब, दोन मीटर रुंद. सुकाणूवर कुणी नाही. एमआयटी आणि ॲम्स्टरडॅमची एएमएस इन्स्टिट्यूट यांनी मिळून घडवलेली ही ‘रो-बोट’ २०२१च्या ऑक्टोबरमध्ये पूर्ण आकारात पाण्यात उतरली. चारही बाजूंना एकेक पंखा आहे, त्यामुळे ती आडवीसुद्धा सरकू शकते.

आता तिच्या जागी स्वतःला ठेवा. लायडरचे, म्हणजे लेसरनं अंतर मोजणाऱ्या यंत्राचे, किरण भिंतींवर, खांबांवर आपटून परत येताहेत. पुलाखाली शिरताना उपग्रहाचा संदेश क्षीण होतो, तेव्हा आपण कुठे आहोत ते भिंतींच्या आकारावरूनच ओळखायचं. वारा एका अंगानं ढकलतो आहे. पुढच्या काही सेकंदांची वाट आखा : किती जोर लावायचा, भिंतीपासून किती अंतर राखायचं. आखलीत? आता त्यातला पहिला, अगदी छोटा तुकडाच चाला. उरलेली वाट सोडून द्या. पुन्हा मोजा, पुन्हा आखा.

इथं जरा रेंगाळू. ही होडी सेकंदाला अनेकदा हेच करते. विचार दूरवरचा करते, पण बांधून घेते फक्त लगेचच्या हालचालीपुरतं. टाकून दिलेल्या वाटा वाया जात नाहीत. पुढचा धोका दिसला तो त्यांच्यामुळेच. वाट आखताना बाजूनं ढकलणारा वाराही धरावा लागतो. खाडीत तर हाकणारा माणूसही होडीचं तोंड प्रवाहाच्या वरच्या अंगाला धरतो आणि पलीकडे नेमका धक्क्याला लागतो. तोंड एकीकडे, जाणं दुसरीकडे. अशी तिरकी चालणारी होडी आपल्या रुंदीपेक्षा जास्त पाणी अडवते, आणि अरुंद कालव्यात तेवढाही हिशेब धरावा लागतो.

समोरून कुणी येतं आहे. पाण्यात ब्रेक नसतो. थांबायचं तर पंखे उलटे फिरवायचे, आणि तोवर होडी पुढे जातच राहते. समुद्रावरच्या टकरी टाळण्यासाठी १९७२ साली केलेले आंतरराष्ट्रीय नियम सांगतात : वळायचं तर वेळेवर वळा आणि समोरच्याला सहज दिसेल इतकं वळा, थोडं थोडं, पुन्हा पुन्हा वळत राहू नका. मला हा नियम फार मोलाचा वाटतो. समोरचाही आपला अंदाज घेत असतो, हे त्यात मान्य केलं आहे. सेकंदासेकंदाला वाट बदलू शकणाऱ्या यंत्राला तर हे मुद्दाम शिकवावं लागतं : मनातली वाट कितीही वेळा बदल, पण इतरांना दिसणारी चाल स्थिर ठेव.

मुळात वाट शोधायची कशी? याच ॲम्स्टरडॅममध्ये १९५६ साली संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डाइक्स्ट्रा आपल्या वाग्दत्त वधूबरोबर एका कॅफेत कॉफी प्यायला बसले होते. कागद-पेन्सिल न घेता, वीसेक मिनिटांत, दोन ठिकाणांमधली सर्वांत जवळची वाट शोधण्याची रीत त्यांनी मनात जुळवली. आजही वाटा शोधणारी किती तरी यंत्रं त्याच रीतीच्या वंशातली आहेत.

पण जवळची वाट मिळाली म्हणजे दिवसाचं काम मार्गी लागलं असं नाही. कचरा उचलणं हे रो-बोटसाठी योजलेल्या कामांपैकी एक. समजा, दहा ठिकाणांहून पिशव्या घ्यायच्या आहेत. कोणतं ठिकाण आधी? क्रम लागू शकतात ३६,२८,८००. त्यातला एक निवडा आणि निघा.

तिसऱ्या ठिकाणी धक्क्याला दुसरीच होडी लागलेली आहे. थांबायचं, की चौथं उरकून परत यायचं? उत्तर देण्याआधी, थांबण्यालाही एक काम म्हणून यादीत धरा. त्यालाही बॅटरी लागते, कारण वाऱ्यात एका जागी उभं राहायचं तर पंखे फिरतेच ठेवावे लागतात.