तुटलेली तार

भिवंडीच्या कारखान्यात यंत्रमाग चालवणाऱ्याची नजर कुठे असते ते पाहावं. ताण्याचे हजारो धागे पुढे सरकत असतात. एक तार तुटली की तो माग थांबवतो, दोन्ही टोकं शोधतो, गाठ मारतो. हयगय झालीच तर कापडावर उभी रेघ पडते. व्यापारी तागे मोजतो. मागवाल्याला एकेक तार बघावी लागते.

इराकमधल्या बसऱ्याच्या पहिल्या महायुद्धाच्या स्मारकाबद्दल वाचताना हा फरक आठवत राहिला. ब्रिटिशांच्या हिंदी फौजेतल्या १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी डिसेंबर १९१५ पासून इराकमधल्याच कूत गावी तुर्कांच्या वेढ्यात उपाशी अडकल्या होत्या. त्यांना सोडवायला निघालेली फौज तैग्रिसकाठी हन्ना, सन्नैयात इथल्या तुर्की खंदकांपुढे चिखलात अडली. सुमारे २३ हजार मेले किंवा जखमी झाले, आणि तरीही २९ एप्रिल १९१६ रोजी कूत पडलं.

मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, मेलेल्या, पण कबर न लाभलेल्या ४० हजारांहून अधिक जणांचं हे स्मारक १९२९ मध्ये उभं राहिलं. त्यावर गोऱ्या शिपायाचं नाव आहे, हिंदी अधिकाऱ्याचंही आहे. साध्या हिंदी शिपायाच्या वाट्याला पलटणीचं नाव आणि एक आकडा आला. फ्रान्समध्ये नव-शापेलला मात्र १९२७ मध्येच हिंदी शिपायांची नावं कोरली गेली होती. युरोपच्या डोळ्यांदेखत जे जमलं, ते बसऱ्यात जमलं नाही. राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाने या भेदभावाबद्दल माफी मागितली, ती २०२१ मध्ये.

महाराष्ट्रातल्या गावोगावच्या, या युद्धाच्या आठवणीच्या संगमरवरी पाट्याही तशाच: इतके गेले, इतके पडले. आपल्या वीरगळावरही बहुधा नाव नसतं. पण तिथे माणूस असतो: खाली लढताना, वर कैलासात शिवलिंगापुढे हात जोडून. कुणीतरी त्याच्यासाठी छिन्नी धरलेली असते.

कुणी म्हणेल, बसऱ्याचा हा शिपाई पगारासाठी गेला, परक्याच्या साम्राज्यासाठी मेला. त्याला हुतात्मा कशाला म्हणायचं? म्हणू नयेच. आठवण ठेवणं आणि गौरव करणं ही दोन वेगळी कामं आहेत. त्याचं युद्ध आपलं नसेल, पण घरातली रिकामी जागा इथलीच होती.

शिवाय नाव कुणाला ठाऊक नव्हतं, असंही नाही. हजेरीला तो रोज त्याच नावाने ओ देत होता. पगारही त्याच नावावर निघत होता.