वाट कोणी सोडायची?

महाभारताच्या आदिपर्वात एका अरुंद वाटेची गोष्ट आहे. एका वेळी एकच माणूस जाईल एवढीच ती वाट. एका बाजूने शिकार करून परतणारा, तहानभुकेने कासावीस झालेला कल्माषपाद राजा येतो. समोरून वसिष्ठांचा मुलगा शक्ती. राजा म्हणतो, बाजूला हो. शक्ती म्हणतो, वाटेचा मान माझा. दोघेही हटत नाहीत. शेवटी राजा त्याच्यावर चाबूक ओढतो आणि शक्ती त्याला नरभक्षक होण्याचा शाप देतो. शाप खरा होतो, आणि राक्षस झालेला राजा आधी शक्तीलाच खातो. वाट न सोडण्यापायी एकाचा जीव गेला, दुसऱ्याचे माणूसपण गेले. कोणत्याही शहरातल्या कोणत्याही चौकात संध्याकाळी सात वाजता हीच गोष्ट चालू असते. फरक इतकाच की चाबकाच्या जागी हॉर्न आला आहे आणि वाटेवर दोनच्या जागी दोन हजार माणसे आहेत.

केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार २०२२ साली भारतात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांतली ३२,८२५ पायी चालणारी होती. म्हणजे दररोज सुमारे नव्वद पादचारी. एवढे मृत्यू एखाद्या साथीने झाले असते तर आपण हवालदिल झालो असतो. रस्त्यावरच्या मृत्यूला मात्र आपल्याकडे एक शब्द तयार आहे, अपघात, आणि त्याच्या जोडीला एक वाक्य: त्याची वेळ आली होती. शब्द आणि वाक्य मिळून प्रश्नच मिटवून टाकतात. म्हणून रस्त्यावरच्या भांडणाकडे वाहतुकीचा प्रश्न म्हणून पाहण्याआधी धर्माचा प्रश्न म्हणून पाहायला हवे. धर्म म्हणजे इथे पूजाअर्चा नव्हे. दोन माणसे एका वाटेवर समोरासमोर आली तर कोण कोणाचे काय देणे लागतो, हा विचार.

हा विचार आपल्याकडे नवा नाही. वाट कोणाला द्यावी याच्या याद्या जुन्या धर्मग्रंथांत आहेत. मनुस्मृतीची यादी सांगते की रथात बसलेला, नव्वदी ओलांडलेला, आजारी, ओझे वाहणारा, स्त्री, स्नातक, राजा आणि लग्नाला निघालेला वर यांना वाट द्यावी. वनपर्वात लहानगा अष्टावक्र खुद्द जनक राजाला वाटेत अडवून ऐकवतो की वाट आंधळ्याची आहे, बहिऱ्याची आहे, स्त्रीची आहे, भारवाहकाची आहे. राजाची आहे, पण ब्राह्मण समोर येईपर्यंतच. ही यादी ऐकवणाऱ्याचे स्वतःचे अंग आठ ठिकाणी वाकडे होते, हे विसरू नये. या याद्या नीट पाहिल्या तर त्यांत दोन वेगळे धागे दिसतात. एक मानाचा: राजा, ब्राह्मण, स्नातक. दुसरा अडचणीचा: म्हातारा, आजारी, आंधळा, बहिरा, डोक्यावर ओझे असलेला. पहिला धागा विचारतो, मोठा कोण? दुसरा विचारतो, बाजूला होणे कोणाला जड जाईल?

यादीत रथवाला अगदी पहिला कसा, असे कोणी विचारील. मला त्याचे उत्तर दुसऱ्या धाग्यात दिसते. बैल किंवा घोडे जुंपलेली गाडी चटकन बाजूला घेता येत नाही. चालणाऱ्याला मात्र दोन पावले सरकता येते. म्हणजे नियम असा: ज्याला वाट सोडणे सोपे, त्याने सोडावी. हाच नियम आज लावला तर उत्तर उलटे होते. मोटारीला थांबायला पायाच्या चवड्याचा दाब पुरतो. हातात भाजीची पिशवी घेऊन झेब्रा पट्ट्यांवर मधोमध अडकलेल्या सत्तर वर्षांच्या बाईला मात्र उडी मारावी लागते, आणि उडी तिला येत नाही. नियम तोच, सोपेपणाने बाजू बदलली आहे.

मनुस्मृतीचा आधार घेणे महाराष्ट्रात कोणालाही सहज जमू नये, आणि तेच योग्य आहे. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हा ग्रंथ जाळला गेला तो उगाच नव्हे. रस्ता हा जातीचा प्रश्न होताच. १९२४ चा वायकोमचा सत्याग्रह मंदिराभोवतालच्या रस्त्यांवरून चालता यावे यासाठी होता. सावली पडू नये म्हणून अस्पृश्यांना रस्त्यावर कसे वागवले जाई, हे आंबेडकरांनी स्वतः लिहून ठेवले आहे. म्हणूनच संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदात विहिरी, तलाव, घाट यांच्याबरोबर रस्ते हा शब्द मुद्दाम आला आहे. मानाचा धागा तिथे कायद्याने तोडला. पण अडचणीचा धागा तोडायचे कारण नव्हते, आणि आपण नेमके उलटे केले. मान ठेवला, अडचण विसरलो. फक्त मान मोजायचे माप बदलले. आता तो टनांत आणि लाखांत मोजला जातो. ट्रकपुढे मोटार दबते, मोटारीपुढे दुचाकी, दुचाकीपुढे सायकल, आणि सायकलवालाही पादपथावर चढला की चालणाऱ्यामागे घंटी वाजवू लागतो. प्रत्येकाला आपल्याहून हलका कोणीतरी सापडतो, आणि उतरंडीच्या तळाशी चालणारा उरतो.

या उतरंडीची भाषा म्हणजे हॉर्न. तिचेही मूळ जुन्या ग्रंथात सापडते. वाहनाने इजा झाली तर चालकाला दंड कधी होऊ नये, याचे दहा प्रसंग मनुस्मृती देते: वेसण तुटली, जू मोडले, आस मोडला, चाक निखळले, लगाम तुटला वगैरे. दहावा प्रसंग असा की गाडीवानाने बाजूला हो म्हणून ओरडून सांगितले होते. आज अपघातानंतर पहिले वाक्य कानावर येते तेही हेच: मी हॉर्न दिला होता. हॉर्न हे आपल्याकडे सूचना देण्याचे साधन कमी आणि पापमुक्तीचे जास्त. तो वाजवला की पुढची जबाबदारी ऐकणाऱ्याची. पण अष्टावक्राच्या यादीत बहिरा उगाच नाही. ज्याला हाक ऐकूच जात नाही त्याला वाट द्यायची, तर हाक मारून सुटका होत नाही. आणि एका अर्थी आज रस्त्यावरचा प्रत्येक माणूस बहिराच आहे. शंभर हॉर्न एकदम वाजत असताना आपल्यासाठी कोणता, हे कोणाला कळणार?

मग चालकाचे नेमके देणे काय? याचे सर्वांत काटेकोर उत्तर जैन परंपरेत मिळते. तत्त्वार्थसूत्राने हिंसेची जी व्याख्या केली तिचे सार असे की प्रमादापोटी, म्हणजे बेसावध वागण्यातून, प्राण घेणे म्हणजे हिंसा. मारायचा हेतू होता का, हा या व्याख्येत मुख्य प्रश्न नाही. सावधपणा होता का, हा आहे. साधूने पुरेपूर काळजी घेऊनही पायाखाली जीव आला तर ती वेगळी गोष्ट, आणि बेफिकीर चालणाऱ्याच्या पायाखाली योगायोगाने काहीच आले नाही तरी तो निर्दोष ठरत नाही. म्हणून साधूंना ईर्यासमिती सांगितली आहे: चालताना पुढची जूभर, म्हणजे सुमारे चार हात जमीन पाहत जावे. चार हातच का? चालणाऱ्याला तेवढ्या अंतरात थांबता येते म्हणून. हेच गणित मोटारीला लावून पाहावे. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर जाते. समोरचे दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंतच एक सेकंद सहज सरतो. गाडी थांबायला त्यापुढे आणखी अंतर लागते. वेग दुप्पट झाला की धडकेची ऊर्जा चौपट होते. म्हणजे मोटारीची ईर्यासमिती एका वाक्यात सांगता येईल: जेवढे दिसते तेवढ्यात थांबता येईल इतकाच वेग. २०२२ च्या मृत्यूंपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक मृत्यूंची नोंद अतिवेगाच्या खात्यावर आहे. जैन व्याख्येने पाहिले तर हे अपघात नव्हेत. ही प्रमादाने झालेली हिंसा आहे, आणि भरधाव निघालेला चालक कोणालाही धडक बसण्याआधीच दोषी झालेला असतो.

यावर तीन आक्षेप येतात. पहिला प्रारब्धाचा. ज्याचे मरण जिथे लिहिले असेल तिथेच येते, असे मानणाऱ्याची श्रद्धा मोडायचे कारण नाही. पण कर्मसिद्धान्त प्रामाणिकपणे लावला तर तो मेलेल्यावर संपत नाही. मरणाऱ्याचे प्रारब्ध त्याचे असेल. मारणाऱ्याचे क्रियमाण कर्म मात्र आत्ता, या सिग्नलवर, त्याच्या पायाखाली घडत असते. प्रारब्धाचा उपयोग दुसऱ्याच्या मृत्यूचे स्पष्टीकरण म्हणून करणे आणि स्वतःच्या वेगाला ते कधीच न लावणे, ही श्रद्धा नव्हे, सोय आहे. या सोयीवर विसंबणारा माणूस आपल्या मुलाला मात्र हेल्मेट घालूनच क्लासला पाठवतो. म्हणजे नशिबावरचा विश्वास पूर्ण नाही. तो फक्त परक्याच्या नशिबावर आहे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. पादचारी कुठेही रस्ता ओलांडतात, कानाला मोबाइल लावून चालतात. सायकलवाले उलट्या बाजूने येतात, रात्री दिवा लावत नाहीत. मग सगळी जबाबदारी मोटारीवर का? कायदा सर्वांना सारखा नको का? चूक ही चूकच, हे खरे. उलट्या बाजूने येणारा सायकलवाला समोरच्या चालणाऱ्याच्या दृष्टीने त्या क्षणी ट्रकच असतो, आणि त्याच्यावरही तीच ईर्यासमिती लागू होते. पण चूक सारखी असली तरी तिचे फळ सारखे नसते. चालणाऱ्याच्या चुकीची किंमत बहुतेक वेळा तो स्वतः मोजतो. मोटारवाल्याच्या चुकीची किंमत दुसरा मोजतो. ज्या चुकीचा भार दुसऱ्यावर पडतो ती टाळण्याचे बंधन जास्त असणे हा पक्षपात नव्हे. नेदरलँड्सच्या कायद्यात हीच दृष्टी आहे: मोटारीची धडक चौदा वर्षांखालच्या सायकलस्वार मुलाला बसली, तर मूल चुकले असले तरी भरपाईची जबाबदारी मोटारीच्या बाजूवरच येते. आपल्याकडेही मोटार वाहन कायद्याच्या १६४ व्या कलमाखाली मृत्यू झाल्यास पाच लाखांची भरपाई चूक कोणाची हे सिद्ध न करता मागता येते. तेव्हा वजनाप्रमाणे जबाबदारी हा विचार आपल्या कायद्याला परका नाही. तो फक्त भरपाईच्या अर्जापर्यंत थांबला आहे, चौकात उतरलेला नाही.

तिसरा आक्षेप म्हणतो की माणसांना नीती शिकवून काय होणार, दोष रस्त्यांचा आहे. पादपथ नाहीत, असले तर त्यांवर दुचाक्या उभ्या आहेत, झेब्रा पट्टे पुसले आहेत, सिग्नलचा हिरवा माणूस रस्ता अर्धा ओलांडेपर्यंत लाल होतो. एकेकाळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाणारे पुणे त्या ओळखीपासून किती लांब गेले, हे पाहिले की यातले तथ्य पटते. पण हा आक्षेप प्रमादाच्या विचाराला छेद देत नाही, त्याला रुंद करतो. बेसावध फक्त चालकच नसतो. नोव्हेंबर २०१९ मध्ये पंढरपूरहून आळंदीकडे निघालेल्या नामदेव महाराजांच्या दिंडीत दिवे घाटात जेसीबी घुसला आणि दोन वारकरी गेले. ब्रेक निकामी झाल्याचे तेव्हा सांगण्यात आले. जुन्या यादीतल्या तुटलेल्या लगामासारखीच ही सबब. पण लगाम आपोआप तुटत नाही, तो कोणीतरी तपासलेला नसतो. त्याच मनुस्मृतीत पुढे म्हटले आहे की चालक अकुशल असेल तर दंड मालकाला, आणि अशा गाडीत बसलेल्यांनाही. २०१९ च्या दुरुस्तीने आपल्या कायद्यात हाच विचार दोन ठिकाणी आला: अल्पवयीनाच्या हाती गाडी देणाऱ्या पालकाला आणि मालकाला तुरुंगवास, आणि निकष न पाळता रस्ता बांधणाऱ्या ठेकेदाराला दंड. तरतूद लिहिणे आणि ती लागू करणे यांत किती अंतर असते, हे मे २०२४ मध्ये पुण्याच्या कल्याणीनगरमध्ये मोटारीच्या धडकेत दोन तरुण गेल्यावर दिसले. गाडी सतरा वर्षांच्या मुलाच्या हाती असल्याचा आरोप होता, आणि सुरुवातीच्या जामिनाच्या अटींत तीनशे शब्दांचा निबंध होता. लोक चिडले ते योग्यच. पण त्याच संध्याकाळी त्यांतल्या कित्येकांच्या घरची दुचाकी परवाना नसलेल्या मुलाच्या हाती होती, हेही तितकेच खरे असणार.

वाट सोडणे म्हणजे हार मानणे, ही समजूत आपल्या रस्त्यांच्या मुळाशी आहे. कल्माषपादालाही तसेच वाटले आणि शक्तीलाही. दोघेही मान मोजत होते. थांबणे कोणाला सोपे आहे, हे दोघांनीही विचारले नाही. याउलट आषाढी वारीत लाखो माणसे एकाच रस्त्यावरून दिवसचे दिवस चालतात आणि पुढच्याला बाजूला व्हायला सांगायचे असेल तर एकच शब्द वापरतात: माउली. मागण्याचा अर्थ हॉर्नचाच आहे, वाट द्या. पण माउली म्हणणारा समोरच्याला अडथळा मानत नाही, आणि समोरचा हलला नाही तर स्वतः थांबायची तयारी त्या शब्दातच असते. हॉर्नमध्ये ती तयारी नसते. रस्त्यावरचा धर्म या फरकाएवढाच आहे, आणि तो पाळायला पायाच्या चवड्याचा दाब पुरतो.