वाऱ्याला सामोरी जाणारी माणसं



आजचं चिंतन ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायावर. या अध्यायात ज्ञानाची लक्षणं येतात. मानाची हाव नको, दंभ नको, अहिंसा, क्षमा, सरळपणा, अशी ती यादी आहे. त्यातल्या दोन लक्षणांपाशी मी गेले काही दिवस अडकून पडले आहे. एक आचार्योपासना, म्हणजे गुरूची मनापासून सेवा. दुसरं त्याच यादीत थोडं पुढे येतं, असक्ती. मुलंबाळं, घरदार यांत गुंतून न पडणं.

आधी घडलं काय ते सांगते.

माझी आजी नेवाशाजवळच्या एका खेड्यात राहते. आपला नगर जिल्हा, आता अहिल्यानगर. याच नेवाशात प्रवरेकाठी माउलींनी शके १२१२ मध्ये, म्हणजे इ.स. १२९० साली, ज्ञानेश्वरी सांगितली. ज्या खांबाला टेकून सांगितली तो पैस खांब आजही तिथे आहे. सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली. त्यामुळे आजी ज्ञानेश्वरीला ग्रंथ म्हणत नाही, "आमच्या गावची पोथी" म्हणते.

तिची धाकटी बहीण, आमची मावशीआजी, काही वर्षांपूर्वी मुलाकडे न्यू जर्सीला गेली. तेव्हापासून रोज सकाळी सहाला आजी फोन लावते. तिकडे तेव्हा आदल्या दिवशीचे रात्रीचे साडेआठ वाजलेले असतात. हिवाळ्यात तिकडची घड्याळं एक तास मागे जातात, मग साडेसात. (आजीचा प्रश्न : "असं कसं घड्याळ मागं करतात? सूर्य काय यांच्या घरी कामाला आहे का?") दोघी पाच-पाच ओव्या आळीपाळीने वाचतात. मग गुडघे, भाजी, सुना, आणि गावात कोण गेलं ते.

माझे काकाही परदेशातच असतात. या दिवाळीला येणार म्हणाले होते, पण जमलं नाही. सलग तिसरं वर्ष. आजीने मला फोन केला तेव्हा तिचा आवाज भरून आला होता. मी पुण्यात, ऑफिसच्या कॅबमध्ये, मांडीवर लॅपटॉप. मी म्हणाले, "आजी, तू रोज पोथी वाचतेस ना? मग जरा आसक्ती सोड की."

ती थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "बरं बाई. ठेवते."

त्यानंतर आठ दिवस तिचा फोन नाही. आणि खरं सांगते, मला ते सहाव्या दिवशी लक्षात आलं.

नवव्या दिवशी न्यू जर्सीहून मावशीआजीचा फोन आला. तिने मला स्वतःहून केलेला हा पहिलाच फोन. ती म्हणाली, "पोरी, तुझी आजी मला विचारत होती, पोराची वाट बघते म्हणजे माझं वाचन वाया गेलं का गं? तू तिला काय सांगून बसलीस?" मग स्वतःचं सांगू लागली. "इथं घरात आम्ही पाच माणसं. पण सकाळी सगळी गेली की संध्याकाळपर्यंत मी आणि भिंती. गाडी चालवता येत नाही, चालत जावं असं दुकान नाही. तुझी आजी एकटी राहते, पण ओट्यावर बसली की येणारा-जाणारा विचारतो. संध्याकाळी हरिपाठाला बायका जमतात. तिला माणसांची वाण नाही. तिला एक आवाज ऐकायचा असतो, एवढंच."

मित्रमैत्रिणींनो, मावशीआजीचं हे बोलणं जगाच्या अभ्यासातही सापडतं. युरोपात उत्तरेकडच्या देशांत म्हातारी माणसं बहुतेक करून वेगळी राहतात आणि दक्षिणेकडे मुलांजवळ राहण्याचं प्रमाण जास्त. तरी पाहण्यांमध्ये एकटेपणाची तक्रार दक्षिणेकडेच जास्त आढळत आली आहे. अभ्यासक त्याची एक उकल अशी करतात की एकटेपणा घरातल्या डोक्यांवर मोजता येत नाही. जेवढी जवळीक हवी असते आणि जेवढी मिळते, त्यातलं अंतर म्हणजे एकटेपणा. ब्रिटनने २०१८ साली आणि जपानने २०२१ साली या एका प्रश्नासाठी मंत्री नेमले, इतकी ही गोष्ट मोठी आहे.

आता कुणी म्हणेल, मग सोपं आहे. म्हाताऱ्यांनी अपेक्षा कमी करावी, अंतर आपोआप मिटेल. गीता तेच सांगते ना?

मीही आजीला तेच सांगितलं होतं. आणि तिथेच चुकले.

त्या रात्री मी तेरावा अध्याय परत उघडला. असक्तीबद्दल माउली सांगतात की ज्ञानी माणूस घरात वाटसरूसारखा राहतो. वाटेत झाडाची सावली लागली, बसला, उठला, तिच्यावर मालकी सांगितली नाही. फार सुंदर आहे ते. पण त्याआधी आचार्योपासनेत काय येतं? शिष्य गुरूपासून लांब आहे. गुरूच्याच आज्ञेने बांधला गेलाय, दाव्याला बांधलेल्या वासरासारखा. शरीर गावात, मन मात्र गुरू ज्या देशी आहे तिथे. त्या दिशेकडून वारा आला तरी तो धावत सामोरा जातो आणि माझ्या घरी चला म्हणून विनवतो.

वाचताना माझ्या डोळ्यांसमोर सकाळी सहाला फोन स्टुलावर ठेवून बसलेली आजी आली. एखाद्याची अशी ओढ असणं माउलींनी अज्ञानात घातलेलं नाही, ज्ञानाच्या लक्षणात घातलं आहे. तिथे विषय गुरूचा आहे, हे खरं. पण उपनिषद आई, वडील आणि आचार्य यांना एकापाठोपाठ देव मानायला सांगतं. म्हणून ही ओढ आपण घरातल्या थोरांपर्यंत नेऊ शकतो असं मला वाटतं.

मग दोन लक्षणं एकमेकांविरुद्ध जातात का? मला आता तसं वाटत नाही. वाटसरू सावलीवर मालकी सांगत नाही, पण शेजारी बसलेल्याला पाणी विचारतोच. पकड सोडायची आहे, माया नाही.

आणि दुसरी गोष्ट जास्त बोचली. असक्ती ही ज्याची त्याने स्वतःला सांगायची शिकवण आहे. आजीने ती स्वतःला सांगितली तर साधना. मी तिला सांगितली तर ती माझी पळवाट. माझ्या वाट्याचं लक्षण सेवेचं होतं. ते मी गुपचूप बाजूला ठेवलं आणि तिच्या वाट्याचं तिला ऐकवलं.

काकांनाही मी दोष देणार नाही. नोकरी, रजा, व्हिसा ही त्यांच्या गळ्यातली दावीच आहेत. लांब असणं हा गुन्हा नाही. त्या दिशेला तोंड आहे की पाठ, एवढंच स्वतःला विचारायचं.

शनिवारी एसटीने नेवाशाला गेले. आजीला घेऊन पैस खांबाच्या दर्शनाला गेलो. तिथे मी म्हणाले, "आजी, मी चुकले." ती म्हणाली, "चुकलीस खरी. पण आलीस ना." आणि परत येताना माझ्या पिशवीत शेवग्याच्या शेंगा कोंबल्या.

माउली हा ग्रंथ सांगत होते तेव्हा जेमतेम पंधरा-सोळा वर्षांचे होते. आईवडिलांचं छत्र लहानपणीच गेलेलं, गावाने वाळीत टाकलेलं. त्या मुलाने शेवटी पसायदानात स्वतःसाठी घर मागितलं नाही, सगळ्या जीवांची एकमेकांशी मैत्री मागितली. ती मैत्री सगळ्या जगापर्यंत पोचेल तेव्हा पोचेल. आपल्या आजीपर्यंत तरी आज पोचू द्या.

आजचा संकल्प : घरातल्या एका थोर माणसाला आज फोन करा. काम सांगायला नाही, विचारपूस करायला. लॅपटॉप बंद करून. ती बोलत असेल तर उपदेश करू नका, नुसतं ऐका.

मी उद्या सकाळी सहाला दोघींच्या फोनमध्ये तिसरी म्हणून बसणार आहे. माझ्या वाट्यालाही पाच ओव्या आल्या आहेत.

राम कृष्ण हरी!