ठिणगी आणि धारा

शालेय पुस्तकांत स्थितिक विद्युत आणि धाराविद्युत असे दोन वेगळे धडे असतात. पहिल्यात घासलेला कंगवा कागदाचे कपटे उचलतो. दुसऱ्यात घट, तार आणि दिवा येतात, आणि कंगव्याचे नावही निघत नाही. ही फाळणी निसर्गात नाही, आणि विषय समजण्याच्या ती आड येते, असे मला ठामपणे वाटते. 1729 मध्ये स्टीफन ग्रे याने घासलेल्या काचनळीचा आकर्षणाचा गुण लांबच लांब दोऱ्यावरून पलीकडच्या टोकाला पोहोचवला. दोरा रेशमाने टांगला तर प्रयोग साधे, धातूच्या तारेने टांगला तर फसे. वाहक आणि रोधक यांच्यातला भेद असा घर्षणाच्या विजेतून हाती आला. ज्या भेदावाचून एकही परिपथ उभा राहत नाही, तो व्होल्टाच्या चितीच्या, म्हणजे सतत धारा देणाऱ्या पहिल्या घटाच्या, 71 वर्षे आधीच माणसाला कळला होता.

तरीही 1800 मध्ये ती चिती आली तेव्हा ही वीज निराळीच असावी, अशी शंका अनेकांना आली, आणि ती रास्त होती. घर्षणयंत्र लांब ठिणगी टाकी, जबर झटका देई, पण पाण्याचे विघटन त्याच्याने सहजी होत नसे. चिती ते सतत करी, ठिणगी मात्र जेमतेम. इतके वेगळे वागणारे दोघे एकच कसे? 1833 मध्ये फॅरेडेने दिलेले उत्तर मला या साऱ्या इतिहासातले सर्वांत देखणे वाटते. यंत्राचे तीस फेरे देऊन त्याने प्रभार साठवणाऱ्या लायडन बरण्या प्रभारित केल्या आणि तो प्रभार ओल्या दोऱ्यातून, म्हणजे सावकाश, गॅल्व्हॅनोमीटरमधून सोडला. बरण्या 8 असोत की 15, फेरे तेवढेच असतील तर काटा तेवढाच हलला. बरण्या वाढल्या की विद्युतदाब उतरतो, एकूण प्रभार बदलत नाही. म्हणजे काटा प्रभार मोजत होता. तेवढाच काटा हलवायला प्लॅटिनम आणि जस्ताच्या दोन बारीक तारा अगदी सौम्य आम्लात सुमारे तीन सेकंद बुडवणे पुरले. फरक विजेच्या जातीत नव्हता, दाब आणि प्रभार यांच्या प्रमाणात होता. कंगव्यावर दाब हजारो व्होल्ट असू शकतो, प्रभार मात्र कुलोमच्या दशलक्षांशाहूनही कमी. एक अँपिअरच्या धारेत दर सेकंदाला अख्खा कुलोम वाहून जातो.

यावर कोणी म्हणेल, एकच असेल, पण दिव्याचे गणित ओहमच्या नियमाने सुटते; तिथे स्थिर प्रभाराचे काय काम? गणितापुरते हे खरे आहे. पण लांब तारेच्या मधल्या भागातले इलेक्ट्रॉन कोण ढकलते, हे तो नियम सांगत नाही. खुद्द ओहमची 1827 मधली मांडणी इथे अडखळत होती, कारण स्थिर प्रभार वाहकाच्या आतही पसरलेला असतो, असे तिच्यातून निघत होते. 1849 मध्ये किरख़ॉफने दाखवले की ओहमच्या मांडणीत जिच्या फरकाने धारा वाहते ती राशी म्हणजे स्थितिक विजेतलाच विभव, आणि प्रभार साचतो तो तारेच्या पृष्ठभागावर. तो अत्यल्प असतो, पण तारेभर कमीजास्त पसरलेला असल्यामुळे आतले विद्युतक्षेत्र तोच टिकवून धरतो.