कळणे आणि पेलणे

दिल्ली-जयपूर महामार्गावर, कारखान्यांच्या गर्दीत, मानेसर येथे राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र आहे. अल्झायमरच्या रुग्णांच्या मेंदूत ग्लुटाथिऑन हे संरक्षक द्रव्य घटलेले असते, असे तेथील डॉ. प्रवत मंडल यांच्या गटाने २०१५ साली दाखवले. त्यासाठी चुंबकीय यंत्राने मेंदूत डोकवावे लागते. आता रोगाची चाहूल रक्तातही शोधली जात आहे. मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने अशा पहिल्या रक्तचाचणीस मान्यता दिली. ती लक्षणे दिसू लागलेल्या, ५५ वर्षांवरील रुग्णांसाठी आहे.

परंतु संशोधकांची दृष्टी त्याही मागे, नैराश्याने ग्रासलेल्या माणसाकडे वळली आहे. स्मृतिभ्रंशाचा संभव वाढवणाऱ्या, पण बदलता येण्याजोग्या १४ बाबींत लॅन्सेट आयोगाने २०२४ साली नैराश्याची गणना केली. मग ज्याचे मन आधीच खचले आहे, त्याचे रक्त तपासून ‘पुढे तुमची स्मृतीही जाण्याचा संभव आहे’ असे त्याला सांगावे काय?

‘रिस्क’ या शब्दाचे भाषांतर करताना लेखणी अडखळते. मराठीत धोका म्हणजे संकट. मानेसरच्या हिंदीत धोखा म्हणजे फसवणूक. शास्त्रज्ञ यांपैकी काहीच म्हणत नसतो. शंभरांत किती, एवढेच तो सांगतो. त्यांतला कोण, हे नव्हे. खिन्न मनाला मात्र तो संभव निकालासारखा ऐकू येतो. शिवाय कारण कोणते आणि परिणाम कोणता, हेही गुंतलेले आहे. उतारवयातील नैराश्य कधी येऊ घातलेल्या स्मृतिभ्रंशाचीच पहिली पायरी असते, तर कधी निव्वळ नैराश्यानेच माणूस इतका विसरतो की वैद्यही चकावा. हा विसर उपचाराने पुष्कळदा सुधारतो.

तरीही ‘सांगूच नये’ असे माझे मत नाही. जाणण्याचा अधिकार त्या माणसाचा आहे. आपल्या घरांत मात्र अहवाल प्रथम थोरल्या मुलाच्या हाती जातो आणि वडिलांना सर्वांत शेवटी कळते! २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने गोपनीयतेचा हक्क रुग्णाला दिला आहे, मुलाला नव्हे.

पण क्रम पाहावा. रतामाच्या झुडपाखाली मरण मागणाऱ्या एलीयाला देवदूताने आरंभी भविष्य सांगितले नाही. भाकर व पाणी दिले, पुन्हा झोपू दिले. पुढची वाट लांबची आहे, हे त्याला दुसऱ्या जेवणाच्या वेळी कळले. औषध, समुपदेशन, सोबत यांसाठी कोणत्याही चाचणीची वाट पाहावी लागत नाही. चाचणी त्यानंतर, आणि त्याने स्वतः मागितली तरच. अहवाल उघडताना शेजारी कोणी बसावे, हेही त्यालाच विचारावे.