सहा वर्षे कोणाची?

इल्म मिळवणे चांगले, याबद्दल आपल्यात दोन मते नाहीत. शाळेच्या स्नेहसंमेलनात, गुणवंतांच्या सत्कारात प्रत्येक वक्ता हेच सांगतो आणि आपण टाळ्या वाजवतो. पण चांगल्या गोष्टीचीही किंमत असते. ती कोणी भरायची, हा प्रश्न भाषणात येत नाही; तो घरात येतो. यंत्र अभियांत्रिकीची पदवी घेतलेला मुलगा एके दिवशी सांगतो, मला नोकरी नको, संशोधन करायचे आहे. घर त्याच्या पहिल्या पगाराची वाट पाहत असते. अशा वेळी त्याने आणखी पाच-सहा वर्षे एका प्रश्नाला द्यावीत का, ज्याचे उत्तर मिळेलच याची खात्री नाही? तसे करणे हा त्याचा हक्क आहे, की घरच्यांशी केलेली नाइन्साफी?

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळांतले शिक्षक. हा प्रश्न आमच्याकडे वारंवार येतो, कारण घरात उत्तर सापडले नाही की लोक शाळेची पायरी चढतात. दहावीपर्यंत आमचा विद्यार्थी ‘कुव्वत’, ‘तवानाई’, ‘कसाफत’ शिकतो. अकरावीत गेला की तेच शब्द फोर्स, एनर्जी, डेन्सिटी होऊन समोर उभे राहतात. कल्पना ओळखीची, चेहरा अनोळखी. हा घाट चढून जो अभियंता होतो, तो मोहल्ल्याच्या नजरेत शिखरावर पोहोचलेला असतो. त्यापुढेही वाट आहे, हे कोणाच्या ध्यानीमनी नसते. सच्चर समितीने २००६ मध्ये नोंदवले होते की देशातल्या नामवंत महाविद्यालयांत पदवीच्या पंचवीस विद्यार्थ्यांमागे एक मुस्लिम आहे आणि पदव्युत्तर वर्गात पन्नासांमागे एक. एका पायरीवर संख्या निम्मी होते. ही गळती नापासांची नाही. पास झालेल्यांना पुढे जाणे परवडत नाही, हेही तिच्यामागचे मोठे कारण आहे.

आधी हे संशोधन म्हणजे काय ते पाहू. त्याशिवाय न्याय करता येणार नाही. शाळेच्या पुस्तकात गणिताखाली गणित असते आणि शेवटच्या पानांवर उत्तरे असतात. अडलेला मुलगा हळूच मागचे पान उलटतो. एम.टेक.च्या दुसऱ्या वर्षात प्रबंध सुरू होतो, पीएच.डी.त तो वर्षानुवर्षे चालतो आणि तिथे मागचे पानच नसते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांत पीएच.डी.साठी किमान तीन आणि सर्वसाधारणपणे कमाल सहा वर्षे धरली आहेत. आधी अभ्यासक्रमाचे विषय, मग विषयाची निवड, मग प्रयोग, लेख, प्रबंध, मौखिक परीक्षा. कागदावर हे सरळ दिसते. काळ खातो तो प्रयोग.

एकच उदाहरण घेऊ. लोखंडाचा दांडा एका झटक्यात मोडायला मोठी ताकद लागते. पण त्याहून कितीतरी कमी भार लाखो वेळा पडत राहिला, तरी तोच दांडा एक दिवस मोडतो. याला धातूचा थकवा म्हणतात. ८ मे १८४२ रोजी फ्रान्समध्ये व्हर्सायहून पॅरिसला निघालेल्या आगगाडीच्या इंजिनाचा आस तुटला, डब्यांना आग लागली आणि पन्नासहून अधिक माणसे मेली. असे धडधाकट दिसणारे आस का तुटतात, हे जर्मनीतला रेल्वे अभियंता ऑगुस्ट व्होलर याने दहा वर्षांहून अधिक काळ नमुने फिरवून तपासले. किती भाराखाली किती फेऱ्यांनी धातू मोडतो, याचा आलेख त्याच्या कामातून उभा राहिला; आजही तो आलेख त्याच्या नावाने ओळखला जातो. तरीही हा प्रश्न संपला नाही. १९५४ मध्ये कॉमेट जातीची दोन प्रवासी जेट विमाने हवेत फुटली. पाण्याच्या टाकीत विमानाचे धड ठेवून दाब पुन्हा पुन्हा चढवला-उतरवला, तेव्हा थकव्याने पडलेली भेग सापडली.

आजचा विद्यार्थी हेच काम नव्या धातूंवर, जोडकामावर, थरांवर करतो. नमुना सेकंदाला पन्नास वेळा फिरवला तर एक कोटी फेऱ्यांना पंचावन्न तासांहून अधिक लागतात. सेकंदाला वीस फेऱ्यांचे यंत्र असेल तर जवळजवळ सहा दिवस. हा झाला एक नमुना. आलेखासाठी असे पंधरा-वीस लागतात. मध्येच वीज गेली, पकड सैल झाली, तर तो नमुना बाद. सहा दिवसांनंतर नमुना मोडलाच नाही तर तेही लिहायचे असते. आलेखावर त्या ठिपक्यापुढे बाण काढतात, म्हणजे ‘इथवर मोडला नाही’. बाहेरून पाहणाऱ्याला वाटेल, हा तरुण खुर्चीवर बसून फिरता दांडा पाहतो आहे.

आमच्या एका माजी विद्यार्थ्याच्या वडिलांना नेमके तसेच वाटले होते. ते यंत्रमागावर जॉबर आहेत. माग बिघडला की रात्री-अपरात्री त्यांना बोलावणे येते. मुलाला संशोधनाला प्रवेश मिळाला तेव्हा ते आमच्याकडे आले.

“सर, पोरगा इंजिनिअर झाला. अल्लाचा करम आहे. पण आता आणखी काय शिकणार? मशीन दुरुस्त करायला तर मी चौथी शिकून शिकलो.”

आम्ही त्यांना थकव्याबद्दल जमेल तसे सांगितले. ते हसले. म्हणाले, “शाफ्ट तुटतो तो चावीच्या खाचेपासूनच. तुटलेला तुकडा बघा. अर्धा गुळगुळीत, त्यावर लाटांसारख्या रेषा, अर्धा खडबडीत. गुळगुळीत भाग जुना, खडबडीत भाग शेवटच्या दिवसाचा. हे मला ठाऊक आहे.”

त्यांनी सांगितले ते शंभर टक्के बरोबर होते. खाचेच्या कोपऱ्यात ताण एकवटतो, भेग तिथे जन्म घेते, हळूहळू आत सरकते, आणि उरलेल्या धातूला भार पेलवेनासा झाला की एका क्षणात तुकडे होतात. माग मिनिटाला शंभर फेऱ्या घेत असेल तर दहा तासांत साठ हजार, आणि तीनशे दिवसांत एक कोटी ऐंशी लाख फेऱ्या होतात. जॉबरच्या कोपऱ्यात पडलेला प्रत्येक तुकडा हा पूर्ण झालेला प्रयोगच आहे. फक्त त्याची नोंद झालेली नाही. ‘कुठे तुटतो’ हे बापाला ठाऊक आहे. ‘केव्हा तुटेल, आणि खाचेचा कोपरा किती गोल ठेवला तर तुटणार नाही’ हे शोधण्याच्या वाटेला मुलगा निघाला आहे. संशोधन म्हणजे घराच्या धंद्याशी फारकत, ही समजूत निदान इथे तरी खरी नाही.

पण एवढ्याने प्रश्न सुटत नाही. वडिलांचा पुढचा प्रश्न खरा प्रश्न होता. “ठीक आहे. किती वर्षे?” मुलाने आधी “तीन-चार” म्हटले होते. आम्ही त्याला बोलावून सांगितले, घरी खालचा आकडा सांगू नकोस, वरचा सांग. त्याने सहा सांगितला. वडील बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “म्हणजे तोवर मी साठीचा होईन. आणि छोटीच्या बी.एस्सी.ची फी?”

आमच्या मते नैतिक प्रश्नाचे मर्म या शेवटच्या वाक्यात आहे. मुलाची सहा वर्षे ही केवळ मुलाची नसतात. त्यांत बापाच्या रात्रपाळ्या असतात, आईची पुढे ढकललेली औषधे असतात, आखातात राबणाऱ्या भावाचे परतणे लांबलेले असते, आणि बहुतेक वेळा एखाद्या बहिणीची बंद पडलेली शाळा असते. ‘घराने त्याग केला’ असे आपण सत्काराच्या भाषणात म्हणतो; पण त्याग तो, जो विचारून, समजून केला जातो. न विचारता घेतले, त्याला दुसरे नाव आहे. एकाच्या संशोधनासाठी दुसरीचे शिक्षण थांबणार असेल, तर ते संशोधन त्या घरापुरते तरी नाजायज आहे, असे आम्ही स्पष्ट म्हणतो. इल्मची वाट इल्म अडवून जात नाही.

याचा अर्थ मुलाने जाऊ नये असा नाही. अर्थ एवढाच, की जाणाऱ्याने हिशेब उघडा ठेवावा. केंद्राच्या संशोधन विद्यावेतनाचा दर १ जानेवारी २०२३ पासून पहिल्या दोन वर्षांसाठी दरमहा ३७,००० आणि त्यानंतर ४२,००० रुपये झाला. ज्याला हे मिळते त्याने ते आकडे घरात सांगावेत, त्यातला कोणता भाग घरी येईल ते ठरवावे, आणि पहिला भाग बहिणीच्या फीचा असावा. त्या जॉबरच्या घरी तसेच ठरले. मुलगा गेला. मुलगीही महाविद्यालयात गेली. घराच्या वरच्या मजल्याचे बांधकाम मात्र थांबले. पण ते सर्वांनी मिळून थांबवले.

ज्यांना विद्यावेतन मिळत नाही त्यांचे काय? इथे प्रश्न घरातून उठून समाजाच्या दारात येतो. अल्पसंख्याक समाजांतील संशोधकांसाठी २००९ मध्ये सुरू झालेली मौलाना आझाद राष्ट्रीय शिष्यवृत्ती २०२२-२३ पासून बंद करण्यात आली. इतर योजनांशी ती आच्छादित होते, असे कारण सरकारने दिले. त्यावर तक्रार जरूर करावी. पण तक्रारीसोबत स्वतःलाही विचारावे, की आपल्या वस्तीत लग्नाच्या मंडपावर एका रात्रीत जे उडते, त्यात किती नमुने फिरले असते? आपण पहिल्या वर्षाची फी आनंदाने भरतो, कारण प्रवेशाचा फोटो छापून येतो. चौथ्या वर्षी, जेव्हा यंत्र बिघडलेले असते आणि लेख परत आलेला असतो, तेव्हा त्या मुलाकडे कोणी फिरकत नाही. मदतीची खरी गरज त्या चौथ्या वर्षी असते.

आपल्या सभांतून अल-जझरीचे नाव अभिमानाने घेतले जाते. घ्यायलाच हवे. १२०६ मध्ये पूर्ण झालेल्या त्याच्या ग्रंथात पाणी उपसणारी, वेळ दाखवणारी पन्नास यंत्रे आहेत. पण त्याचे मोठेपण यंत्रांच्या संख्येत नाही. तो स्वतः कारागीर होता. भाग कसा ओतायचा, कसा बसवायचा हे त्याने इतके बारकाईने लिहिले की आठशे वर्षांनंतर लोकांनी ती यंत्रे पुन्हा बनवून पाहिली. त्याचे नाव घेणे सोपे आहे. त्याच्यासारखे वर्षानुवर्षे हात काळे करणाऱ्याला घरात आणि वस्तीत जागा देणे अवघड आहे.

आता जाणाऱ्याच्या कर्जाबद्दल. घर थांबले, वस्तीने हातभार लावला; त्याची परतफेड कशाने व्हावी? मोठ्या पगाराने? तो मिळेल किंवा मिळणार नाही. नावापुढच्या ‘डॉक्टर’ने? त्याने पाटी शोभते, एवढेच. आमच्या मते परतफेड प्रयोगवहीत होते. समजा, अठरा ठिपके आलेखाच्या रेषेवर छान बसले आणि दोन खाली पडले. ते दोन खोडले तर आलेख देखणा होतो, लेख स्वीकारला जातो, वर्ष वाचते. मध्यरात्रीच्या प्रयोगशाळेत पाहणारे कोणी नसते, आणि घरून फोन आलेला असतो की अजून किती दिवस. अशा वेळी ते दोन ठिपके ठेवणे ही त्या तरुणाची खरी परीक्षा. मौखिक परीक्षा त्यापुढे काहीच नाही. कारण ते दोन ठिपके म्हणजे कदाचित अपेक्षेआधी तुटणारे आस आहेत. उद्या कोणीतरी त्या आलेखावर विश्वास ठेवून गाडीचा, मागाचा, पाळण्याचा दांडा बनवील, आणि त्यावर कोणाचे तरी मूल बसलेले असेल. आकडा ही अमानत आहे. ज्यांनी आपल्या वाट्याची वर्षे त्याला दिली, त्यांना त्याच्या वहीतले एक अक्षरही वाचता येत नाही. म्हणूनच त्याने ती खरी लिहायची.

प्रामाणिकपणे सहा वर्षे काम करून उत्तर ‘नाही’ असे आले तर? हा धातू चालत नाही, हा मार्ग बंद आहे, असे सिद्ध झाले तर? आम्ही म्हणतो, कर्ज फिटले. पुढच्याची सहा वर्षे वाचली. हे समजायला आपल्याला वेळ लागेल, कारण आपण अजून निकाल पास-नापासात मोजतो. शाळेत शिकवताना आम्हीही मुलांना उत्तरे देतो, त्यांचेच गुण देतो. पण वर्गातल्या चाळीसांपैकी एखादा असा निघतो, जो उत्तर लिहून झाल्यावरही विचारतो, “सर, पण असं का?” त्याच्या प्रश्नाला घरात हिशेब मांडून, बहिणीचा हक्क राखून, वस्तीने चौथ्या वर्षीही पाठीशी उभे राहून जागा करून द्यावी. मग ती सहा वर्षे त्याची राहणार नाहीत, घराचीही नाहीत. ती आपल्या सर्वांची होतील.